पदार्थाची कैफियत

भाद्रपद सरून आश्विन लागला की तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ या टापूतल्या द्राक्षबागांत फळछाटणीची धांदल उडते. आणि छाटणीला दिवस-दोन दिवस होतात न होतात तोच मजुरांच्या टोळ्या, हातांत रबरी मोजे असोत वा नसोत, स्पंजाचा किंवा कापडाचा बोळा बादलीतल्या द्रावणात बुडवून काडीवरचा एकेक डोळा ओला करीत एका ओळीतून दुसऱ्या ओळीत सरकू लागतात. बागायतदारांच्या बोलीत या कामाला ‘पेस्ट लावणे’ म्हणतात. बादलीतला पदार्थ असतो हायड्रोजन सायनामाइड. द्राक्षाच्या डोळ्याला जेवढी थंडी हवी तेवढी आपल्या उष्ण मुलखात लाभत नाही, म्हणून तो मागेपुढे, विस्कळीत फुटतो. हा पदार्थ लावला म्हणजे सगळी बाग एका सुमारास फुटते आणि पुढची विरळणी, डिपिंग, फवारणी, काढणी ही सारी कामे एका मापात बसतात. परंतु याच पदार्थाचा आणखी एक गुण आहे. तो उघड्या हाताच्या कातडीतून अंगात उतरला आणि मागाहून माणसाने मद्य घेतले, तर शरीरात मद्याचे पचन अर्ध्यावर अडते. चेहरा लालबुंद होतो, डोके ठणकते, छाती धडधडते, रक्तदाब खाली येतो, आणि दिवसभराच्या श्रमानंतर दोन घोट घेणाऱ्या मजुराला आपल्याला झाले काय याचा उलगडाही होत नाही.

हा दुसरा गुण विषशास्त्रज्ञांना पुष्कळ वर्षांपासून ठाऊक आहे. पदार्थाच्या नोंदणीसाठी जी कागदपत्रे सरकारदरबारी दाखल होतात त्यांत तो नमूद असतो, आणि तेथून तो डब्यासोबतच्या घडीपत्रकात बारीक टाइपात येतो. पुढे तो टोळीच्या मुकादमापर्यंत पोहोचतो की नाही, हा प्रश्न वरवर पाहता कायद्याचा नाही. पण ज्या ग्रंथाची प्रस्तावना लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे, त्याच्या कर्त्याने तो कायद्याचाच प्रश्न मानला आहे, आणि मला त्याचे म्हणणे पूर्णपणे पटलेले आहे. रासायनिक पदार्थ निर्माण करणाऱ्या कारखानदाराने व तो परदेशातून आणणाऱ्या आयातदाराने त्याची नोंद कशी, कोठे आणि कोणत्या पुराव्यानिशी करावी, याचे नियम हा या ग्रंथाचा विषय होय.

प्रथम शब्दांची फोड करून घेतली पाहिजे, कारण कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर काय किंवा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कचेरीत काय, ‘नोंदणी’, ‘परवाना’ आणि ‘परवानगी’ हे तीन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. परवाना माणसाला मिळतो: अमक्याने अमक्या जागेत अमका माल करावा किंवा विकावा. नोंदणी पदार्थाची होते: हा पदार्थ काय आहे, किती शुद्ध आहे, कशासाठी आहे, कोणाला कितपत अपायकारक आहे. कीटकनाशकांच्या बाबतीत नोंदणी केंद्राकडे आणि परवाना राज्याकडे, अशी वाटणी आपल्या कायद्याने केली आहे. सातारा-सांगलीच्या वाचकाला नोंदीचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या मुलखात सातबाऱ्यावरच्या एका ओळीसाठी भावाभावांची भांडणे दोन पिढ्या चालतात, तेथे दप्तरी नोंद नसलेल्या गोष्टीला जगात जागा नसते हे शेंबड्या पोरालाही कळते. मात्र जमिनीची नोंद तलाठी करतो, आणि पदार्थाची नोंद होण्यासाठी ज्याने तो बनवला किंवा आणला त्यालाच आधी बोलावे लागते. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याचे नववे कलम बारकाईने वाचले तर हे ध्यानात येते: कारखानदाराने अगर आयातदाराने परिणामकारकतेविषयी आणि माणसाच्या व जनावरांच्या सुरक्षिततेविषयी जे दावे केले असतील, त्यांस पदार्थ उतरतो की नाही, याची खात्री नोंदणी समितीने करून घ्यावयाची आहे. दावा अर्जदाराचा, पुरावा अर्जदाराचा, परीक्षण सरकारचे. आपल्या जुन्या न्यायभाषेत याला कैफियत म्हणत, आणि या विषयाच्या गाभ्याला याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही. नोंदणी म्हणजे पदार्थाच्या वतीने, माल बाजारात जाण्यापूर्वी, त्याच्या कर्त्याने दिलेली कैफियत.

ही कल्पना एका दिवसात जन्मास आली नाही. आपल्याकडचा १९१९ चा विषविषयक कायदा पाहिला तर त्याची दृष्टी अगदी साधी आहे: सोमलासारखे जे पदार्थ विष म्हणून जगजाहीर आहेत त्यांची साठवण व विक्री कोणी करावी एवढाच त्याचा विचार. पदार्थाने स्वतःविषयी काही सांगावे अशी अपेक्षा त्यात नाही, कारण सोमल म्हणजे काय हे सर्वांनाच ठाऊक होते. शेतातही तोपर्यंत परिचयाचेच पदार्थ होते. १८८५ च्या सुमारास फ्रान्समधल्या बोर्दो प्रांतात मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाने द्राक्षावरच्या केवडा रोगासाठी, म्हणजे आपले बागायतदार ज्याला ‘डावणी’ म्हणतात त्यासाठी, मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण प्रसिद्ध केले, आणि ते बोर्डो मिश्रण आजही तासगावच्या बागेत एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी या मापाने दोन वेगळ्या भांड्यांत भिजवून तयार होते. मिश्रण जमले की नाही हे पाहण्यासाठी त्यात विळ्याचे लखलखीत पाते क्षणभर बुडवतात. पात्यावर तांबूस लेप चढला तर चुना कमी पडला असे समजून आणखी निवळी घालतात. ज्याच्या पडताळ्याला एक विळा पुरतो, त्या पदार्थाला दप्तराची निकड भासली नाही, हे स्वाभाविक होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही स्थिती पालटली. प्रयोगशाळेत घडलेले, निसर्गात कधीही नसलेले, रंगावासाने ओळखू न येणारे आणि थेंबाथेंबाने परिणाम करणारे पदार्थ शेतात आले. आणि त्यांच्याविषयी शेतकऱ्याला, हमालाला, गोदामवाल्याला काहीच ठाऊक नव्हते. या अज्ञानाची किंमत १९५८ साली दक्षिणेत मोजली गेली. मुंबईहून कोचीनकडे निघालेल्या जहाजात धान्यमाल आणि पॅराथिऑन या कीटकनाशकाचे डबे एकत्र लादले गेले, डबे गळले, आणि त्या धान्याचे पदार्थ खाऊन केरळात व मद्रास राज्यात शंभराहून अधिक माणसे दगावली. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचे काम मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शाह यांच्याकडे होते. त्या चौकशीतून, आणि पुढे तज्ज्ञांच्या समितीच्या विचारविनिमयातून, १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम सिद्ध झाले. शेतीच्या औषधांचा हा कायदा जहाजाच्या तळघरात जन्मला, ही गोष्ट मी मुद्दाम लिहितो. कारण पदार्थाचा धोका जेथे तो वापरला जातो तेथेच उभा असतो असा जो समज आहे, त्याला ही हकिकत पहिला धक्का देते. पदार्थ वाटेत कोणाला भेटेल हे त्याच्या कर्त्याला ठाऊक नसते; म्हणून वाटेतल्या प्रत्येकाला वाचता येईल असा मजकूर त्याच्या अंगावर असावा लागतो.

हा मजकूर कसा ठरतो, तेही एकदा जवळून पाहावे. औषधाच्या डब्यावर पंचेचाळीस अंशांत कलता ठेवलेला एक चौकोन असतो. लेबलाच्या दर्शनी भागाच्या किमान सोळाव्या हिश्शाएवढा तो असावा असे नियम सांगतो. त्याचे दोन त्रिकोण पडतात. खालचा त्रिकोण रंगाचा: लाल, पिवळा, निळा, हिरवा. प्रयोगशाळेतल्या जनावरांपैकी निम्मी ज्या तोंडावाटे दिलेल्या मात्रेने मरतात, ती मात्रा वजनाच्या किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा आणि त्यापलीकडे हिरवा. म्हणजे दुकानाच्या फळीवर दिसणारा रंगाचा तो ठिपका एका लांबलचक कैफियतीतले एक वाक्य आहे. ते वाक्य अक्षरशत्रूलाही वाचता यावे म्हणून नियम करणाऱ्यांनी रंगाची भाषा निवडली, हे त्यांच्या दूरदृष्टीचे लक्षण होय. मात्र हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धास्त, असा अर्थ गावोगाव रूढ झाला आहे आणि तो चुकीचा आहे. तो त्रिकोण तत्काळ मरणाविषयी बोलतो, वर्षानुवर्षांच्या संसर्गाविषयी त्याला काही सांगता येत नाही.

कैफियतीचा पहिला प्रश्न ओळखीचा असतो, आणि नवख्या कारखानदाराला तोच सर्वांत सोपा वाटतो. मोरचुदाचेच घ्या. निळ्या खड्यांचे मोरचूद आणि ते तापवून उरणारी पांढरी भुकटी यांना रसायनांच्या जागतिक सूचीत दोन वेगळे क्रमांक आहेत, ७७५८-९९-८ आणि ७७५८-९८-७. कारण निळ्या खड्याच्या वजनात सुमारे ३६ टक्के नुसते पाणी असते. पांढरी भुकटी निळ्याच्या मापाने घातली तर तांबे दीडपटीहून अधिक पडेल. युरोपच्या नियमांनी यावर तोडगा काढला आहे: कोरड्या पदार्थाची नोंद झालेली असली तर त्याच्या जलयुक्त रूपाची वेगळी नोंद लागत नाही. पण ओळखीचा कठीण भाग याच्याही पुढे आहे. १९७६ साली पाकिस्तानात हिवतापाच्या मोहिमेत मॅलॅथिऑन फवारणारे सुमारे २८०० कामगार विषबाधित झाले आणि पाच मरण पावले. मॅलॅथिऑन हे तसे सौम्य गणलेले औषध. परंतु त्या मालात साठवणीच्या काळात तयार झालेले आयसोमॅलॅथिऑन हे अशुद्ध द्रव्य होते, आणि त्याने मॅलॅथिऑनला शरीरात निकामी करणारी यंत्रणाच बंद पाडली. नाव तेच, टक्केवारी जवळपास तीच, आणि परिणाम मात्र भलताच. नोंदणी समिती अशुद्ध द्रव्यांचा तपशील आणि साठवणीतल्या टिकाऊपणाचे आकडे का मागते, याचे उत्तर या हकिकतीत आहे. ज्या कारखानदारांना हे तपशील म्हणजे कारकुनी छळ वाटतो त्यांनी ग्रंथातले अशुद्धीवरचे प्रकरण प्रथम वाचावे, अशी माझी विनंती आहे.

जगभरच्या नियमांकडे पाहिले तर तीन-चार वळणे स्पष्ट दिसतात. पहिले वळण उपयोगावरून वर्गवारी करण्याचे. औषध असेल तर औषधांचा कायदा, कीटकनाशक असेल तर कीटकनाशकांचा, खत असेल तर खतांचा. आणि प्रत्येक कायद्याची स्वतःची अनुसूची. आपला देश मुख्यतः याच वाटेने चालला आहे. या पद्धतीत परीक्षण खोल होते, पण ज्याचे नाव अनुसूचीत नाही तो पदार्थ कितीही दारुण असला तरी नोंदणीच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो. भोपाळच्या कारखान्यात कार्बारिल हे कीटकनाशक बनत होते आणि कार्बारिलचे नाव अनुसूचीत होते. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री टाकीतून सुटला तो मिथिल आयसोसायनेट वायू, म्हणजे कार्बारिल बनवण्याच्या वाटेवरचा मधला पदार्थ, आणि या कायद्याच्या अनुसूचीत त्याला जागा नव्हती. त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा झाला, आणि १९८९ साली घातक रसायनांचे उत्पादन, साठवण व आयात यांचे नियम आले. त्या नियमांनी विशिष्ट मर्यादेपलीकडे घातक माल बाळगणाऱ्यावर कळवण्याची, आराखडे करण्याची, आयातीची आगाऊ वर्दी देण्याची जबाबदारी टाकली. हे दुसरे वळण: येथे लक्ष पदार्थापेक्षा जागेवर आणि साठ्यावर आहे.

तिसरे वळण ‘जुने’ आणि ‘नवे’ असा भेद करणाऱ्यांचे. १९६८ साली जपानात तांदळाच्या कोंड्याच्या तेलात पीसीबी हे औद्योगिक रसायन मिसळून मोठी विषबाधा झाली, आणि १९७३ मध्ये त्या देशाने नव्या पदार्थाची बाजारात येण्यापूर्वी तपासणी करणारा कायदा केला. अमेरिकेने १९७६ साली तसाच कायदा करताना त्या वेळी बाजारात असलेले सुमारे ६२,००० पदार्थ जसेच्या तसे यादीत घेतले, आणि त्यांची नव्याने परीक्षा घेण्याचे बंधन खऱ्या अर्थाने २०१६ च्या दुरुस्तीनंतर आले. युरोपने १८ सप्टेंबर १९८१ ही रेषा आखली. त्या दिवसापूर्वीचे एक लाखाहून अधिक पदार्थ जुने ठरले आणि कसोटी फक्त नव्यांना लागली. जुनी वहिवाट म्हणजे निर्दोषपणा, हे गृहीतक जमिनीच्या दाव्यात चालत असेल, पण रसायनाच्या बाबतीत त्याला आधार नाही. शिवाय त्याने एक विपरीत परिणाम घडवला: नव्या, कदाचित अधिक सौम्य पदार्थाला पुराव्याचे ओझे वाहावे लागले, आणि जुना घातक पदार्थ मोकळा राहिला.

या अन्यायाला उत्तर म्हणून चौथे वळण आले. १ जून २००७ पासून अमलात आलेल्या युरोपीय ‘रीच’ नियमांनी जुन्या-नव्याचा भेद मोडला आणि वर्षाला एक टनापासून पुढे जो जो पदार्थ बनवला किंवा आणला जाईल त्याची माहिती हेलसिंकी येथील संस्थेकडे दाखल करणे बंधनकारक केले. माहिती नाही तर बाजार नाही, हे त्यांचे सूत्र. मोठ्या परिमाणाच्या पदार्थांना २०१० ची, मधल्यांना २०१३ ची, आणि शंभर टनांच्या आतल्यांना ३१ मे २०१८ ची मुदत होती. युरोपबाहेरच्या कारखानदाराला स्वतः अर्ज करता येत नाही. एक तर तेथल्या आयातदाराने नोंद करावी, किंवा कारखानदाराने तेथे आपला ‘एकमेव प्रतिनिधी’ नेमावा. सातारा-सांगलीकडच्या रंगद्रव्ये किंवा सुगंधी तेले पाठवणाऱ्या लहान कारखान्याला हा प्रतिनिधी म्हणजे आपला वकील होय, आणि वकीलपत्र देताना जी सावधगिरी बाळगावी ती येथेही बाळगावी लागते: नोंद कोणाच्या नावे राहील, पुराव्याची मालकी कोणाची, करार मोडल्यास नोंदीचे काय होणार. ग्रंथकर्त्याने या कराराचा विचार ज्या तपशिलाने केला आहे तसा मराठीत तरी माझ्या वाचनात आलेला नाही.

आता पुन्हा आपल्या मुलखाकडे वळतो, कारण या चारही वळणांची टक्कर प्रत्यक्षात येथेच झालेली आहे. २००३ साली हॉलंडात भारतीय द्राक्षांत मेथोमिल आणि ॲसिफेट या कीटकनाशकांचे अंश सापडले, आणि त्यानंतर निर्यातीच्या बागांची नोंदणी, उर्वरित अंशांची तपासणी, आणि २००६ पासून बागेपासून कंटेनरपर्यंत मालाचा माग ठेवणारे ग्रेपनेट, ही सारी व्यवस्था उभी राहिली. पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे त्यातले शास्त्रीय नेतृत्व आले. व्यवस्था चोख होती. तरीही २०१० च्या हंगामात युरोपच्या बंदरांत आपले कंटेनर अडले. या वेळी कारण होते क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे खरड छाटणीनंतर फुटींची वाढ आवरून काडीत घड धरावा म्हणून बागायतदार पिढीभर वापरीत आलेले संजीवक. येथे ते नोंदलेले होते, दुकानात राजरोस मिळत होते. पण निर्यातीपूर्वी ज्या पदार्थांची तपासणी होई त्या यादीत त्याचे नाव नव्हते, आणि युरोपची मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. बागायतदाराने कोणताही कायदा मोडलेला नव्हता. एका दप्तरातली नोंद दुसऱ्या दप्तराशी जुळलेली नव्हती, आणि त्या तफावतीचा सगळा बोजा कर्ज काढून बाग उभी करणाऱ्यावर पडला. त्या उन्हाळ्यात तासगावच्या वाटेवर मला भेटलेल्या एका बागायतदाराने सहा महिन्यांची फवारणीची वही माझ्यापुढे उघडली होती. तारीखवार, औषधवार, स्वच्छ अक्षरांत लिहिलेली. त्या वहीत चूक दाखवणे मला शक्य झाले नाही. तो प्रसंग मी विसरलेलो नाही, आणि या ग्रंथाविषयीच्या माझ्या आस्थेचे मूळ त्यातच आहे.

उलट बाजूची अडचण साताऱ्याकडे दिसते. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीची तोडणी हंगामात दर दोन-तीन दिवसांनी होते. ज्या औषधाचा काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी आठवड्याचा आहे ते अशा पिकावर मारायचे कसे? त्याहून मूलभूत गोष्ट अशी की, कायद्याप्रमाणे औषध पिकागणिक आणि किडीगणिक नोंदले जाते, ज्याला सर्वजण ‘लेबल क्लेम’ म्हणतात. आणि स्ट्रॉबेरी, आले यांसारख्या थोड्या क्षेत्रावरच्या पिकांसाठी प्रयोगांचा खर्च करून लेबल क्लेम मागण्यात कारखानदाराला व्यापारी लाभ दिसत नाही. परिणामी, कंदकुजीने हैराण झालेल्या आले उत्पादकासमोर नोंदलेली औषधे थोडी आणि दुकानदाराने सुचवलेली पुष्कळ, अशी स्थिती येते. लहान पिकांचे गट करून एकाच्या पुराव्यावर गटाला मान्यता देण्याचा मार्ग जगात अनेक ठिकाणी रुळला आहे. ग्रंथकर्त्याने तो सुचवताना जी सबुरी दाखवली आहे ती योग्य असली तरी, माझ्या मते येथे त्याने अधिक ठासून बोलायला हवे होते.

बेदाण्याचे उदाहरण आणखी वेगळे. द्राक्षे सुकवण्यापूर्वी ती लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलिलिटर डिपिंग ऑइल, म्हणजे मुख्यतः इथाइल ओलिएट, या मापाच्या द्रावणात बुडवतात. मण्यावरची मेणचट लव सैल होते आणि आतले पाणी लवकर निघते. हा पदार्थ कीटक मारीत नाही, म्हणून कीटकनाशकांच्या अनुसूचीशी त्याचा संबंध येत नाही. तरी ज्या जिल्ह्याचा बेदाणा २०१६ पासून भौगोलिक मानांकन मिरवतो, तेथे डिपिंग ऑइलच्या डब्यात इथाइल ओलिएट किती आणि बाकीचे काय, हे डब्यावरून कळलेच पाहिजे. तीच गत ‘टॉनिक’ या नावाने विकल्या जाणाऱ्या जैव उत्तेजकांची होती. ना खत, ना कीटकनाशक, अशा त्रिशंकू अवस्थेत ती कित्येक वर्षे राहिली. फेब्रुवारी २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात त्यांची व्याख्या झाली आणि त्यांत कीटकनाशकाचा अंश दशलक्ष भागांत ०.०१ भागाहून अधिक नसावा असे बंधन आले. निर्यातीच्या बागेत एका निनावी बाटलीने काय अनर्थ होतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या एका आकड्याचे मोल कळेल.

हा विषय आजच का, याचे उत्तर वरच्या विवेचनात आलेच आहे. दोन गोष्टींची भर घालतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले आणि शेकडो रुग्णालयात गेले. त्यानंतर राज्याने काही औषधांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी घातली, कारण मूळ कायद्याने राज्याच्या हाती एकदम तेवढीच मुदत दिली आहे. २०१८ मध्ये केंद्राने अठरा कीटकनाशकांवर बंदीचा हुकूम काढला. त्याच्या मुळाशी, परदेशांत बंद पण येथे चालू असलेल्या ६६ औषधांचा फेरविचार करणारी २०१३ ची समिती होती. नोंद एकदा झाली म्हणजे ती चिरंतन, ही समजूत यामुळे ढासळली. दुसरी गोष्ट म्हणजे सर्वसाधारण रसायनांच्या नोंदणीचा, वर्षाला एक टनाची मर्यादा मानणारा मसुदा आपल्याकडे २०२० मध्ये चर्चेला आला. तो नियमाच्या रूपाने उतरेल तेव्हा सातारा, कराड, कुपवाडच्या वसाहतींतल्या त्या कारखान्यांनाही कैफियत द्यावी लागेल ज्यांनी आजवर स्वतःला रसायनाचे कारखानदार मानलेलेच नाही: रंग मिसळणारे, साबण करणारे, ओतकामासाठी रेझिन आणणारे. लहान कारखानदाराची भीती खोटी नाही. प्रयोगांचा खर्च मोठा, भाषा परकी, मुदती कडक. कीटकनाशक कायद्याच्या नवव्या कलमाच्या चौथ्या पोटकलमाने, एकदा नोंदलेल्या पदार्थाची त्याच अटींवर इतरांनाही नोंद देऊन, लहानांना वाट करून दिली होती. पण नंतर येणाऱ्याचा माल पहिल्याच्या मालाशी खरोखर समान आहे हे कशावरून, हा प्रश्न त्या वाटेवर कायम उभा राहिला. पुरावा वाटून घ्यावा, खर्च वाटून घ्यावा, पण समानतेचा दाखला प्रत्येकाने स्वतः द्यावा, हे ग्रंथकर्त्याचे मत मला न्याय्य वाटते.

ग्रंथाची मांडणी कलमांच्या क्रमाने केलेली नाही. कर्त्याने एकेक पदार्थ हाती घेऊन तो कारखान्याच्या दारातून किंवा न्हावाशेव्याच्या बंदरातून निघाल्यापासून बांधापर्यंत त्याचा पाठलाग केला आहे, आणि वाटेत ज्या ज्या दप्तराशी गाठ पडते तेथे थांबून त्या दप्तराची रीत समजावून दिली आहे. निरीक्षकाने नमुना घेताना त्याचे तीन भाग का करावे, त्यातला एक ज्याच्याकडून घेतला त्याला का परत द्यावा, एक विश्लेषकाकडे आणि एक न्यायालयासाठी का राखावा, हे वाचताना पंचनाम्याची कोरडी रीतही माणसाच्या हक्काचे रक्षण कसे करते ते उमगते. परिभाषेच्या बाबतीत त्याने हट्ट धरलेला नाही. ‘लेबल क्लेम’ला संस्कृत प्रतिशब्द घडवण्याऐवजी लोकांच्या तोंडचाच शब्द ठेवला आहे, आणि जेथे ‘प्रतीक्षा कालावधी’सारखा चांगला शब्द रुळला आहे तेथे तो घेतला आहे. खटल्यांच्या निकालांचा भाग त्याने जाणूनबुजून थोडक्यात उरकला आहे. वकिलांना तो अपुरा वाटेल.

हस्तलिखित माझ्याकडे आले तेव्हा त्यातली काही पाने मी पलूसजवळच्या एका बागेत घेऊन गेलो होतो. शेडमध्ये औषधाचा डबा उघडायचा होता. घरच्या थोरल्या मुलाने बुचाखालचे घडीपत्रक उलगडले, मांडीवर पसरून त्याच्या घड्या हाताने सपाट केल्या, आणि हस्तलिखितातल्या कोष्टकाशी पडताळत मोठ्याने वाचू लागला. त्याची आई दाराशी उभी राहून ऐकत होती. प्रतीक्षा कालावधीचा आकडा आला तेव्हा तो थांबला, दाराच्या खिळ्याला टांगलेली दिनदर्शिका काढून त्याने काढणीच्या तारखेवर बोट ठेवले, आणि तेथून एकेक दिवस मागे मोजत आला. “आई, उद्याच्याला मारलं तर चार दिवस कमी पडत्यात,” तो म्हणाला. आईने डब्याचे बूच परत घट्ट लावले आणि डबा फळीवर ठेवून दिला.